तेल बोटाला विचारायचं

लकडगंजात नत्थूजी वैरागडेंच्या नावानं दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की हा माणूस नुसतं बोट लावून इंजिनाचं दुखणं ओळखतो. दुसरी अशी, की याच माणसानं एका पेन्शनर म्हाताऱ्याच्या जीपचं इंजिन जाम केलं. दोन्ही खऱ्या आहेत, पण सांगणारे दोन्ही अर्ध्यावर सोडतात. माझा लाकडाचा डेपो त्यांच्या दुकानाच्या बरोब्बर समोर आहे, एकोणतीस वर्षांपासून आहे, आणि दुसऱ्या गोष्टीत थोडा हात माझाही आहे. म्हणून पूर्ण गोष्ट मीच सांगितलेली बरी.

दुकान दहा बाय चौदाचं. आत इंजिन ऑइलचे डबे, दोन ड्रम, आणि मीच दिलेला सागाचा एक बाक. नत्थूजींचं वय सहासष्ट. ठेंगणे, टक्कल, आणि अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. तेलाच्या धंद्यात पांढरा शर्ट घालणं ही त्यांची एकमेव ऐट होती. संध्याकाळी शटर ओढताना त्यावर एक डाग नसायचा, आणि तो नाही हे ते आम्हाला दाखवायचे.

त्यांच्या आजोबांचा कुहीला जवसाचा घाणा होता. आजोबा तेलाचा थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात चोळून सांगायचे की जवस कोणत्या शेतातला आहे. निदान नत्थूजी तरी असंच सांगायचे, आणि शेताचं मला माहीत नाही, पण नातवाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गिऱ्हाईक इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून आणायचं. नत्थूजी पट्टीच्या टोकाचं काळं तेल बोटावर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि अर्धं मिनिट चोळायचे. मग म्हणायचे, पाणी मिसळून राहिलं, हेड खोल. किंवा, घाई करू नको, अजून हजार किलोमीटर चालन. कोणी विचारलं की हे कसं कळतं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्या घरात तेल बोटाले विचारतात."

मला सगळ्यात मजा यायची ती नवं तेल निवडण्याच्या वेळी. आजकाल गिऱ्हाईक मोबाइलवर कुण्या शहाण्याचा व्हिडिओ बघून येतं. बावीस वर्षांचा टेम्पो, धूर सोडत आलेला, आणि मालकाला पाहिजे ते नव्या मोटारींचं सगळ्यात महागाचं तेल. नत्थूजी डबा उलटा करायचे आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावायचे. पुढचं चित्र पोरासोरांसाठी आहे, म्हणायचे, मागचं तुझ्यासाठी. तिथं सी अक्षरानं सुरू होणारा दर्जा असेल तर ते डिझेलचं तेल. आणि जे तेल धूर गाळणाऱ्या नव्या गाड्यांसाठी बनवलं, त्याचे जास्तीचे पैसे तुझ्या टेम्पोनं कशाला द्यायचे?

मग डब्यावरच्या गाढेपणाच्या आकड्यांची भांडणं. नागपुरात लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलं आहे, गाडी म्हातारी झाली की तेल गाढं टाकायचं, आणि मे महिन्यात तर डांबरच ओता. नत्थूजींचं मत उलटं होतं. इंजिन तेल पीत नसेल, धूर देत नसेल, तर पंधरा-चाळीस बारा महिने चालतं. पीत असेल तरच उन्हाळ्यापुरतं वीस-पन्नास. फार गाढं तेल डिसेंबरच्या सकाळी वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्या वेळात इंजिन सुकं घासतं. "म्हाताऱ्याले गाढं नाही, वेळेवर पायजे," असं ते म्हणायचे. हे ऐकून बाकावर बसलेले सगळे म्हातारे माना हलवायचे.

आणि काळ्या तेलाची तक्रार! नवं तेल टाकलं आणि दोन दिवसांत काळं झालं, म्हणजे नकली, असं म्हणून भांडायला आलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली. माझं डोकं फिरायचं. नत्थूजी शांतपणे विचारायचे, घर झाडल्यावर झाडू काळा होतो की पांढरा? डिझेलचं तेल काजळी उचलतं म्हणून काळं होतं. नाही झालं तर त्यानं काम केलं नाही.

असा हा माणूस. आता त्याच्या बोटाचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी नत्थूजी माझ्या डेपोत चहाला आले. टपरीवाल्यानं काचेचे दोन ग्लास आणून ठेवले, उकळता चहा. मी माझा ग्लास उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला. नत्थूजींनी त्यांचा अख्ख्या मुठीत धरला होता, आणि धरून ते मला त्यांच्या नातवाच्या शाळेचं काहीतरी सांगत होते. मी हातातून ग्लास हिसकून घेतला. तळवा लालभडक झाला होता, दुपारपर्यंत बोटांना फोड आले.

साखरेचा आजार त्यांना अठरा वर्षांपासून होता. पायाची बोटं आधीच गेली होती, म्हणजे होती जागेवरच, पण त्यांना काही कळत नव्हतं. ते कोणी बघत नव्हतं. आता तेच हाताला आलं होतं. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, असं त्यांनीच मला सांगितलं. टोचलेलं दिसलं, म्हणाले, लागलं नाही.

"कोणाले सांगू नको गा," ते म्हणाले. "उन्नतीले पण नाही."

उन्नती त्यांची सून. मुलगा पुण्याला नोकरीला, आणि ही बाई तिथं जायचं सोडून लहानग्याला घेऊन इथं सासऱ्याच्या दुकानात दुपारी बसते. बी.एस्सी. आहे. मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावलं. सव्वा लाखाची मूठ ती नत्थूजींची होती, आणि त्या मुठीवर ज्यांच्या गाड्या चालत होत्या ती माणसं वेगळी होती, हे तेव्हा मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

त्यानंतरही नत्थूजी बोट लावत राहिले. गिऱ्हाईक यायचं, ते तेल घ्यायचे, डोळे मिटायचे, अर्धं मिनिट चोळायचे. नाक तर केव्हाच गेलं होतं, चाळीस वर्षं तेलाच्या दुकानात बसणाऱ्याला वास कसला येणार! पण गाडीचा आवाज, धुराचा रंग, मालकाचं बोलणं यांवरून शंभरात नव्वद वेळा त्यांचं बरोबर निघायचं. फरक फक्त मला दिसायचा. पूर्वी बोटाला काही कळलं की त्यांची उजवी भुवई किंचित वर जायची. आता जात नव्हती.

उन्नतीनं मध्येच एक टूम काढली. जुन्या तेलाचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकायचा आणि चार-पाच तास ठेवायचा. काजळी मध्ये थांबते, डिझेल मिसळलं असेल तर त्याचं फिकट कडं बाहेर पसरतं. नत्थूजींना ते अजिबात आवडलं नाही. पेपर वाचायसाठी असते, म्हणाले.

मागच्या एप्रिलात दत्तोपंत देवपुजारी आले. हे प्रताप नगरचे, सरकारी ऑडिटातून रिटायर झालेले, वय बहात्तर. त्यांच्याकडे सत्त्याण्णव सालची डिझेल जीप होती. ती आधी एका सरकारी खात्याची होती, आणि तिची लॉगबुकं अकरा वर्षं दत्तोपंतांनीच तपासली होती. लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली. बायको अरुंधतीबाई म्हणाल्या होत्या, लोक वधूची पत्रिका बघून लग्न करतात, यांनी जीपची बघितली. जीपच्या प्रत्येक गोष्टीची नोंद पंतांच्या वहीत असायची, कुठल्या तारखेला पट्टीवर तेल किती होतं याचीसुद्धा.

त्या दिवशी पंत वही आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी घेऊन आले ते नवरदेवासारखे खुश.

"नत्थूजी, तेल वाढतंय," ते म्हणाले.

त्यांनी वही उघडून दाखवली. फेब्रुवारीत तेल पट्टीच्या वरच्या खुणेला होतं. मार्चमध्ये खुणेच्या जरा वर. आता चांगलं बोटभर वर. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जुन्या गाड्या तेल पितात, आणि यांची जीप उलट तेल देत होती. पंत म्हणाले, तुमच्या तेलात बरकत आहे. बाकावरचे हसले, चहा घेऊन नुकताच आलेला मीही हसलो.

इंजिनात तेल वाढत नसतं. वाढलं याचा अर्थ बाहेरून काहीतरी आत आलं, पाणी नाहीतर डिझेल. हे मला कुणी शिकवलं? नत्थूजींनीच. तेल घटलं तर विचार करा, वाढलं तर गाडी उभी करा, हे त्यांचं वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते हे म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी पट्टीवरचं तेल बोटावर घेतलं, डोळे मिटले. अर्धं मिनिट.

"तेल ठीक आहे, पंत," ते म्हणाले. "मागल्या खेपेले जास्त भरल्या गेलं असन."

भुवई हलली नव्हती. मी चहा प्यालो आणि डेपोत परत गेलो.

पट्टीचा तो वर्तमानपत्राचा कागद दुकानातच राहिला. संध्याकाळी उन्नतीनं तो सासऱ्यापुढे धरला. मधला डाग काळा, आणि भोवती हाताच्या पंजाएवढं फिकट, पिवळट कडं. मामाजी, यात डिझेल आहे, ती म्हणाली, पंतकाकांना फोन करते. मी तेव्हा शटरजवळ उभा होतो. नत्थूजींना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "माह्या बोटानं सांगितलं ना, ठीक आहे म्हणून? मंग कागद काय सांगन?" उन्नतीनं कागद घडी करून कचऱ्यात टाकला.

अकरा दिवसांनी पंत अरुंधतीबाईंना घेऊन उमरेडला एका मुंजीला निघाले. परतताना दुपारचे दोन वाजले होते. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. पंत नियमाचे पक्के, त्यांनी जीप बाजूला घेतली, पट्टी काढून बघितली. तेल काठोकाठ. नत्थूजींनी तपासलेलं. म्हणजे दिवाच खराब, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि पुढे निघाले. चार किलोमीटरवर इंजिन ठोकायला लागलं आणि मग जागेवर थांबलं. आजूबाजूला बाभळी, त्याही बिनपानांच्या. पंचेचाळीस डिग्रीत अरुंधतीबाई दोन तास जीपच्या पत्र्याआड बसल्या. त्यांना ऊन लागलं. दोन दिवस दवाखान्यात सलाइन लावून ठेवावं लागलं, आणि पहिल्या रात्री त्या नवऱ्याला ओळखत नव्हत्या.

जीप ओढून दिघोरीला बाबारावांच्या गॅरेजात नेली. बाबाराव पंतांचे नेहमीचे मिस्त्री. त्यांनी खालचा बोल्ट काढला तर तेल पाण्यासारखं वाहून आलं. इंजिनाला चिकटलेला एक छोटा पंप असतो, टाकीतून डिझेल ओढणारा. त्याचा रबराचा पडदा फाटला होता आणि डिझेल तीन महिने थेंबथेंब तेलात उतरत होतं. तेवढ्या पातळ तेलानं इंजिन वाचत नाही. बाबारावांनी हे पंतांना नीट समजावून सांगितलं.

पंतांनी ऐकून घेतलं आणि मानलं नाही. त्यांचा हिशोब सरळ होता. अकरा दिवसांपूर्वी नत्थूजींनी बोट लावून तेल पास केलं. तेलात तीन महिन्यांपासून डिझेल असतं तर नत्थूजींना कळलं नसतं? ज्या अर्थी कळलं नाही त्या अर्थी नव्हतं. मग हे डिझेल गॅरेजात इंजिन खोलताना मिसळलं, आणि इंजिन बसलं ते बाबारावांच्याच चुकीनं, जानेवारीत त्यांनीच त्याला हात लावला होता. पंतांनी तसं कॉलनीच्या ग्रुपवर तारीखवार लिहून टाकलं. ऑडिटातल्या माणसाचं लिहिणं, वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नाही. प्रताप नगरातल्या पाच-सहा घरांच्या गाड्या बाबारावांकडे जायच्या, त्या पंधरा दिवसांत थांबल्या. मग तिथल्यांनी धरमपेठेतल्या पाहुण्यांना सांगितलं.

आणि आमच्या लकडगंजात नत्थूजींचं नाव आणखी मोठं झालं. पंत जातील तिथं सांगत होते, तेलाचा दोष नाही, तेल नत्थूजींनी पाहिलं होतं.

मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस बाबाराव दुकानात आले. उंच, वाकलेला माणूस, कमी बोलणारा. मी रस्ता ओलांडून गेलो, काय होतं ते बघायला. त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून काउंटरवर ठेवली. जीपमधून काढलेलं तेल, त्यांनी जपून ठेवलं होतं. भांडण नाही, आवाज नाही.

"नत्थूजी, मी तुमच्याशी भांडाले नाही आलो," बाबाराव म्हणाले. "तुम्ही फक्त सांगा. त्या दिवशी तेलात डिझेल होतं का नव्हतं? तुम्ही नव्हतं म्हणान तर मी मानीन. माह्या हातूनच झालं म्हणीन."

नत्थूजी काहीच बोलले नाहीत. उन्नती गल्ल्याजवळ उभी होती, तीही नाही. आणि मीही नाही, हे लिहायला मला आज लाज वाटते. बाबाराव बाटली तिथंच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी माझ्या डेपोत आले. म्हणाले, स्कूटर काढ, प्रताप नगरले जायचं आहे. हातात पिशवी होती, पिशवीत दोन बाटल्या. एक बाबारावांची, दुसरीत नवं पंधरा-चाळीस. मी विचारलं, बाटल्या कशाला? ते म्हणाले, पंत नुसत्या बोलण्यावर मानणारे नाही, त्याहिले पुरावा लागते. सीताबर्डीच्या गर्दीतून जाताना माझ्या मागे बसून ते एकदाच बोलले. त्या दिवशी मले पातळ लागलं नाही, म्हणाले, गाढं पण नाही लागलं. काहीच नाही लागलं. तुम्ही सगळे पाहून राहिले होते, मंग म्हटलं ठीक आहे.

पंतांच्या घरी अरुंधतीबाई दिवाणावर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा अर्धा झाला होता. त्यांनीच हाक मारली, या नत्थूजी, आणि पाणी आणायला उठू लागल्या. नत्थूजींनी त्यांना बसवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"वहिनी, तुम्हाले ऊन माह्यामुळं लागलं," ते म्हणाले. "पंत, माह्या बोटाले दीड वर्षापासून काही समजत नाही. त्या दिवशी बी नाही समजलं. सुनेनं सांगितलं होतं डिझेल आहे म्हणून. मी ऐकलं नाही. बाबाराव खरा आहे."

पंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते हसले. त्यांना वाटलं होतं ते मला लगेच दिसलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. बाबाराव तुमच्याकडे येऊन गेले असतील, त्यांचा धंदा बसतोय, तुमचं मन मोठं, म्हणून तुम्ही अंगावर घ्यायला आलात. मी माणसं ओळखतो, पंत म्हणाले, चाळीस वर्षं तेच केलं.

नत्थूजींनी पिशवीतल्या बाटल्या काढून टीपॉयवर ठेवल्या. पुरावा घ्या म्हणाले. मी डोळे मिटतो, यातलं कोणतंही लावा.

पंतांना हे आवडलं. परीक्षा हा त्यांचा प्रांत. त्यांनी चमचा मागवला, एक फडकं मागवलं, वहीत दोन रकाने आखले. नत्थूजी खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. पंतांनी पहिल्यांदा बाबारावांच्या बाटलीतलं पातळ तेल त्यांच्या बोटावर लावलं. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, ते बोटावर थांबतसुद्धा नव्हतं, मनगटाकडे ओघळत होतं. नत्थूजींनी चोळलं. नवं, म्हणाले. पंतांनी नोंद केली आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, मुद्दाम चुकतायत अशा अर्थानं. दुसऱ्यांदा खरोखरचं नवं लावलं. नत्थूजी पुन्हा म्हणाले, नवं. पंतांचा चेहरा उजळला. बघा, बरोबर आलं की नाही.

अरुंधतीबाई दिवाणावरून म्हणाल्या, "अहो, त्यांचे हात धुवायला लावा साबणानं. जुनं-नवं एकत्र झालंय. असं कसं कळेल कोणाला?"

नत्थूजी मोरीवर जाऊन हात धुऊन आले. टॉवेलला नीट पुसले. परत बसले, डोळे मिटले, हात पुढे केला. पंत चमचा घेऊन क्षणभर थांबले. पुढे त्यांनीच मला सांगितलं की ऑडिटात ते असं करायचे. बिलांच्या गठ्ठ्यात मध्येच एक कोरा कागद सरकवायचा. ज्यानं खरोखर तपासलंय तो कोऱ्या कागदावर अडतो. नत्थूजी सोंग करत असतील तर इथं अडतील, दचकतील, हसतील. त्यांनी चमचा तसाच कोरडा, पाठीकडून, नत्थूजींच्या बोटाला टेकवला.

नत्थूजींनी अंगठा बोटावर आणला आणि चोळायला सुरुवात केली. अर्धं मिनिट झालं. त्यांनी थांबवलं नाही. कपाळावर घाम आला. या वेळी त्यांना चुकायचं नव्हतं, मला ते दिसत होतं. मिनिट झालं तरी ते कोरडं बोट कोरड्या अंगठ्यावर फिरवतच होते.

"हे जीपचं," ते शेवटी म्हणाले. "पातळ आहे. डिझेल आहे याच्यात."

अरुंधतीबाईंनी पदर तोंडाला लावला. पंतांच्या हातातला पेन वहीवर टेकलेला होता, तो हलला नाही. पंतांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बरोबर आहे, नत्थूजी," ते म्हणाले.

नत्थूजींनी डोळे उघडले. आधी त्यांनी पंतांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे. बोट स्वच्छ होतं, साबणानं पांढरं पडलेलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"पंत, याच्यावर तर काहीच नाही."

"नाही," पंत म्हणाले.

ते उठले. टीपॉयवरचं फडकं त्यांनी उचललं, नत्थूजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला. मग पहिलं बोट पुसलं, अंगठा पुसला, आणि नंतर बाकीचीही एकेक करून पुसू लागले. मला रडू आलं म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हाही पंत पुसतच होते, आणि नत्थूजींनी हात मागे घेतला नव्हता.